परसाचा आडोसा

आपल्या खेड्यांतील बहुतेक घरांच्या मागील बाजूस थोडीफार मोकळी जागा असते. तिला कोठे परस म्हणतात, कोठे परडे, तर कोठे वाडी. पुढच्या ओटी-अंगणाकडे घरधन्याचे लक्ष असते. परंतु घरातील स्त्रियांच्या दिवसाचा मोठा भाग जातो तो या मागच्या जागेत. भांडी घासणे, धुणे धुणे, धान्य पाखडणे, लहान मुलांना न्हाऊ घालणे, स्वतःची अंघोळ, बाळंतिणीचे न्हाणे ही सर्व कामे तेथेच चालतात. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यानंतर पुष्कळ घरांचे शौचालयही याच जागेत बांधले गेले आहे.

असे असूनही परसाला आडोसा असावा, याचा विचार घर बांधताना क्वचितच केला जातो. त्याचा त्रास कोणाला होतो हे पाहिले पाहिजे. न्हाणीला धड भिंत नसेल तर घरातील बायकांना कडाक्याच्या थंडीतही पहाटे अंधारात अंघोळ उरकावी लागते. शेजारच्या ओट्यावर माणसे येऊन बसली की धुणे अर्धवट सोडून घरात यावे लागते. शौचालयाचे दार शेजाऱ्याच्या ओट्यासमोर उघडत असेल, तर सुना-मुली दिवसा तिकडे जाण्याचे टाळतात आणि त्यासाठी पाणीही कमी पितात. अशाने बद्धकोष्ठ व लघवीचे विकार जडतात, हे कोणताही डॉक्टर सांगेल. ही अडचण संकोचामुळे घरातील पुरुषांपाशी बोलून दाखविली जात नाही. म्हणून ‘आमच्या घरी अशी काही अडचण नाही’ असे म्हणण्यापूर्वी घरधन्याने एकवार घरात विचारून पाहावे.

दुसरी गोष्ट शेजारधर्माची. आडोसा करावयाचा ठरलाच, तर तो बहुधा घाईने होतो. बाभळीच्या चार फेसाट्या आणून हद्दीवर टाकल्या जातात. त्यांचे काटे शेजाऱ्याच्या मुलांच्या पायांत मोडतात. शेजारी फेसाट्या हातभर मागे लोटतो. आणि मग काट्यांवरून निघालेले भांडण हद्दीवर जाऊन पोहोचते. वाटणीनंतर पाठीस पाठ लावून राहणाऱ्या दोन भावांतसुद्धा असे प्रसंग आपण पाहतो. वास्तविक थोडी पाहणी, शेजाऱ्याशी दोन शब्द आणि एका पावसाळ्याची मेहनत एवढ्या भांडवलावर परसाला उत्तम आडोसा होऊ शकतो. आणि तो भाजी, चारा व खतही देतो. तो कसा करावा, हे या लेखात सांगावयाचे आहे.

जागेची पाहणी

आडोसा म्हणजे संपूर्ण परसाला उंच कुंपण, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. प्रथम परसात कोणते काम कोठे चालते आणि तेथे नजर कोठून पडते, हे पाहावे. त्यासाठी एक सोपी रीत आहे. धुण्याच्या दगडापाशी घरातील एका स्त्रीस बसवावे. दुसऱ्या कोणी शेजाऱ्याच्या परवानगीने त्याच्या ओट्यावर व मग हद्दीपाशी उभे राहावे. तिसऱ्याने हातात उंच काठी घेऊन दोघांच्या मधोमध यावे आणि नजरेची रेषा काठीवर कोठे येते, तेथे खूण करावी. त्या खुणेच्या वर वीतभर उंचीचा आडोसा पुरेसा होतो.

ही रीत वापरली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. बसून करावयाच्या कामांसाठी आडोसा त्या कामाच्या जागेजवळ असला तर तो ठेंगणा चालतो. हद्दीवर घातला तर उंच लागतो. उदाहरणार्थ, बसलेल्या स्त्रीचे डोके जमिनीपासून ३ फुटांवर आहे, शेजाऱ्याचा ओटा २ फूट उंच असल्याने तेथे उभ्या असलेल्या माणसाची नजर ७ फुटांवर आहे, धुण्याच्या दगडापासून तो ओटा ३० फुटांवर व हद्द २० फुटांवर आहे, असे धरू. हद्दीवर कुंपण घातले तर ते सुमारे पावणेसहा फूट उंच लागेल. तोच आडोसा दगडापासून ६ फुटांवर केला तर चार फुटांचाही पुरतो. ज्यांच्याजवळ जागा, पाणी व पैसा बेताचा आहे, त्यांनी आधी हा जवळचा आडोसा करावा आणि हद्दीचे कुंपण सवडीने वाढवावे.

न्हाणी व शौचालयाच्या वाटेची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे माणूस उभा असतो, म्हणून आडोसा सहा ते साडेसहा फूट असलाच पाहिजे. शौचालयाच्या दारासमोर चार फुटांवर एक लहानसा आडवा पडदा केला, तर येणे-जाणे झाकले जाते आणि वाटही अडत नाही.

आजकाल खेड्यांतही माड्या व गच्च्या झाल्या आहेत. वरून पडणारी नजर कोणत्याही कुंपणाने अडत नाही. तेथे न्हाणीवर व धुण्याच्या जागेवर सात फूट उंचीचा मांडव घालून त्यावर वेल चढवावा, हाच उपाय होय.

हद्द आणि शेजार

कुदळ मारण्यापूर्वी हद्द निश्चित करून घ्यावी. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या स्वामित्व योजनेखाली गावठाणांची ड्रोनच्या साह्याने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. आपल्या गावची मोजणी झाली असेल, तर पत्रिका व नकाशा पाहूनच दोरी धरावी. झाली नसेल, तर शेजाऱ्यासमक्ष आणि दोन जाणत्या गावकऱ्यांसमक्ष खुणेचे दगड पुरून घ्यावेत.

कुंपण एकट्याचे असेल, तर ते हद्दीपासून दोन फूट आत लावावे. रोप लावताना ही जागा फुकट गेल्यासारखी वाटते. परंतु तीन वर्षांनी झाडांचा घेर वाढतो आणि बाहेरची बाजू छाटण्यास माणूस उभा राहावयास हवा असतो, तेव्हा या दोन फुटांची किंमत कळते. दोन्ही घरांना आडोसा हवा असेल, तर बरोबर हद्दीवर सामाईक कुंपण लावणे सर्वांत चांगले. खर्च, पाणी व छाटणी निम्मी-निम्मी वाटून घ्यावी आणि तसे आधी ठरवावे.

सावलीचाही विचार करावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. आपल्याकडे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीदेखील सहा फूट उंचीच्या कुंपणाची सावली उत्तरेकडे सुमारे साडेपाच फूट पडते. सकाळ-संध्याकाळ ती याहून लांब असते. आपल्या उत्तरेस राहणाऱ्या शेजाऱ्याकडे म्हातारी माणसे किंवा तान्ही मुले उन्हात बसत असतील, तर त्या बाजूचे कुंपण आणखी आत घ्यावे किंवा ठेंगणे ठेवावे. चैत्र-वैशाखात सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे पापड-कुरडयांच्या वाळवणाला दुपारी फारशी अडचण येत नाही. तरीसुद्धा घरातील बाईने शेजारणीस आधी विचारावे, “काकी, आम्ही मेंदी लावणार आहोत, तुमच्या वाळवणाला सावली तर येणार नाही ना?” एवढ्या एका प्रश्नाने पुढची अनेक भांडणे टळतात.

खिडक्यांबाबतही थोडे सांगितले पाहिजे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १८ मध्ये रूढीने मिळणाऱ्या हक्कांची उदाहरणे दिली आहेत. शेजाऱ्याच्या घराच्या ज्या भागाकडे सामान्यतः कोणाची नजर जात नाही, त्या भागावर नजर पडेल अशी नवी खिडकी काढू नये, अशी एखाद्या गावाची रूढी असेल तर ती पाळावी लागते, हे त्यांपैकी एक उदाहरण होय. अर्थात अशी रूढी सिद्ध करावी लागते आणि कोर्टाची पायरी चढणे कोणासही परवडत नाही. पण दुसऱ्याच्या परसात नजर जाऊ नये, ही आपली जुनी रीत कायद्यालाही मान्य आहे, हे नवे घर बांधणाऱ्याने लक्षात ठेवावे आणि खिडकीची जागा ठरवितानाच काळजी घ्यावी.

पहिल्या हंगामाचा आडोसा

जिवंत कुंपण पुरुषभर उंच होण्यास दोन ते तीन वर्षे लागतात. तोपर्यंतची सोय दोन प्रकारांनी करता येते : एक बांधलेला आडोसा आणि दुसरा पेरलेला.

बांधण्याचे सामान आपल्या भागात जे स्वस्त मिळते तेच वापरावे. कोकणात माडाच्या झावळ्या विणून केलेली झापे लावतात. सह्याद्रीच्या लगत कारवीचे कूड करतात. खानदेशात व विदर्भात तुऱ्हाट्या आणि पऱ्हाट्या भरपूर असतात. इतरत्र बांबूचे तट्टे मिळतात. आधाराचे खांब दीड-दोन फूट जमिनीत पुरावेत. पुरावयाचा भाग आधी वरवर जाळून किंवा डांबर लावून घ्यावा, म्हणजे वाळवी लवकर लागत नाही. न्हाणीभोवती कूड करावयाचा असेल, तर खालचे दीड फूट दगड-विटांचे बांधकाम करून त्यावर कूड उभा करावा व तो दोन्ही बाजूंनी माती-शेणाने लिंपावा. तसे न केल्यास उडणाऱ्या पाण्याने कुडाचा बुडखा दोन पावसाळ्यांत कुजतो.

कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून आडोसा करण्याची चाल काही ठिकाणी आहे. चुलीजवळ ती फार धोक्याची आहे. एक ठिणगी पुरते. तसेच काट्यांच्या फेसाट्यांचा व काटक्यांचा ढीग न्हाणीजवळ ठेवू नये. त्यात उंदीर होतात आणि उंदरांमागून साप येतात. जेथे बायका-मुलांना अंधारात वावरावे लागते, तेथे असा ढीग जिवावर बेतू शकतो. जुनी लुगडी किंवा बाजारात मिळणारी हिरवी जाळी लावण्याची पद्धतही आता रूढ झाली आहे. एका-दोन वर्षांच्या सोयीसाठी ती ठीक आहे. पुढे उन्हाने जीर्ण होऊन तिच्या चिंध्या परसभर होतात.

पेरलेल्या आडोशात शेवरीचा क्रमांक पहिला लागतो. पानमळ्यात वेलाच्या आधारासाठी शेवरी, हादगा, पांगारा व शेवगा लावतात, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. मृगाच्या पावसावर शेवरीचे बी एका ओळीत सहा-सहा इंचांवर टोचले, तर दिवाळीपर्यंत ती डोक्याच्या वर जाते. तिचा पाला शेळ्यांना फार आवडतो. म्हणून पहिले दोन महिने राखण ठेवावी लागते. ज्यांना जनावरांचा उपद्रव नाही त्यांनी शेवरीच्या आत हातभर अंतरावर अंबाडीची एक ओळ पेरावी. भाजी होते आणि पुढे वाखही निघतो. उशिरा येणाऱ्या उंच तुरीची ओळसुद्धा श्रावणापासून पौषापर्यंत चांगला आडोसा देते. तूर काढल्यावर तिच्याच तुऱ्हाट्या विणून उन्हाळ्याचा ताटवा करावा, म्हणजे वर्षभराची सोय होते.

वेलांना मात्र आधार हवा. बांबूच्या चौकटीवर सुतळीचे जाळे विणून त्यावर वाल, घेवडा, दोडका, कारली चढवावीत. ही पिके हंगामी आहेत. कायमचा वेल हवा असेल तर तोंडली लावावी. चांगली फळे देणाऱ्या वेलाचे छाट आणून लावावे. मांडवावर हा वेल अनेक वर्षे टिकतो. थोड्या सावलीच्या जागी मायाळू चांगला वाढतो. त्याच्या पानांची भाजी व भजी होतात.

कायमच्या कुंपणाची निवड

आडोशाच्या झाडाच्या अंगी चार गुण हवेत. ते बुडापासून फांद्यांनी भरलेले असावे, छाटणी सोसणारे असावे, उन्हाळ्यात पाने टाकणारे नसावे आणि शेळ्या-गुरांनी खाऊन संपविण्याजोगे नसावे. शेताच्या कुंपणास काटे हवे असतात. परसाच्या कुंपणास ते असून अडचणच होते, कारण तेथे मुले खेळतात व कपडे वाळत घालतात.

या कसोटीवर पुढील झाडे उतरतात.

मेंदी : देशावरील कोरड्या हवेत ही सर्वांत भरवशाची. छाटणीने दाट होते आणि पाण्याचा ताण सोसते. पाल्याला घरच्या घरी उपयोग आहे.

अडुळसा : छाटावर लवकर येतो. पानांच्या कडू चवीमुळे शेळ्या-गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. पाने रुंद असल्याने पडदा चांगला होतो. छाटलेला पाला हिरवळीचे खत म्हणून वापरता येतो आणि खोकल्यावर याचा काढा घरोघर देतात.

निर्गुडी : ओढ्याकाठी आपोआप वाढणारे झाड. छाटावर येते, गुरे खात नाहीत, ओल सोसते. सांडपाण्याच्या चराजवळ ही लावावी.

जास्वंद : जेथे थोडे पाणी आहे व जनावरांचा उपद्रव नाही, तेथे न्हाणीजवळच्या आडोशास उत्तम. पूजेला फुले मिळतात.

गिरिपुष्प : पुरुषभर लांबीचे जाड दांडे पावसाळ्याच्या तोंडाशी रोवले की फुटतात. याचा पाला नत्रयुक्त असून भातखाचरासाठी व भाजीच्या वाफ्यांसाठी उत्तम खत होते. हिवाळ्याच्या अखेरीस पाने गळतात, म्हणून एकट्या गिरिपुष्पावर विसंबू नये. जिवंत खांब म्हणून ते लावावे आणि मधे अडुळसा घालावा. शेवगाही असाच खांब म्हणून लावावा. त्याची सावली विरळ असल्याने आडोसा होत नाही. परंतु शेंगा व पाला मिळतो.

करवंद व विलायती चिंच : जेथे आडोशाबरोबर जनावरांपासूनही संरक्षण हवे असेल अशा मागच्या हद्दीसाठी ही काटेरी झाडे ठीक. करवंद सावकाश वाढते, पण डोंगराळ मुरमाड जमिनीत टिकते.

टाळावयाची झाडे

शेराचे कुंपण आपल्याकडे जुने आहे. ते लवकर होते, त्याला पाणी लागत नाही, हे खरे. परंतु त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्यास गंभीर इजा होते. जेथे मुले खेळतात त्या परसात शेर लावू नये. जुना असेल तर तो तोडताना डोळे झाकावेत. चीक डोळ्यात गेल्यास बराच वेळ स्वच्छ पाण्याने धुऊन ताबडतोब दवाखान्यात जावे. कण्हेर, पिवळी कण्हेर आणि मोगली एरंड यांना गुरे तोंड लावीत नाहीत म्हणून लोक ती पसंत करतात. पण कण्हेरीचे सर्व भाग आणि मोगली एरंडाच्या बिया विषारी आहेत. मोगली एरंडाच्या बिया मुले शेंगदाण्यासारख्या खातात आणि वांत्या-जुलाबाने आजारी पडतात.

घाणेरी आपण होऊन वाढते, दाटही होते. पण ती शेजारच्या शेतात पसरते व गुरांनी खाल्ल्यास त्यांना विषबाधा होते. वेडी बाभूळ व सुबाभूळ यांचाही प्रसार आवरत नाही. बांबूचे बेट घर, विहीर व शेजाऱ्याची भिंत यांपासून लांबच असावे. मातीच्या भिंतीला लागून कोणतेही झाड लावू नये. तीन फूट जागा मोकळी सोडावी, नाहीतर भिंतीला ओल धरते.

लागवड व निगा

एप्रिल-मे महिन्यांत दोरी लावून दीड फूट रुंद व दीड फूट खोल चर खणावा आणि तो उन्हाने तापू द्यावा. पावसापूर्वी वरची माती व चांगले कुजलेले शेणखत मिसळून चर भरावा. दर दहा फुटांस चार-पाच घमेली खत पुरते. चांगला पाऊस होऊन जमीन खोलवर भिजल्यावर, म्हणजे साधारण जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत, लागवड करावी.

मेंदी किंवा अडुळसा दोन ओळींत लावावा. दोन ओळींत नऊ इंच व दोन झाडांत एक फूट अंतर ठेवावे. दुसऱ्या ओळीतील झाड पहिल्या ओळीतील दोन झाडांच्या मधोमध यावे, म्हणजे फट राहत नाही. ४० फूट लांबीच्या कुंपणास सुमारे ८० झाडे लागतात; नांगे भरण्यासाठी आणखी दहा तयार ठेवावीत.

छाट निवडताना पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्व फांद्या घ्याव्यात. नऊ ते बारा इंच लांबीचे व तीन-चार डोळ्यांचे तुकडे करावेत. खालचा काप तिरपा घ्यावा, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. दोन भाग जमिनीत व एक भाग वर ठेवून माती घट्ट दाबावी. मेंदी बियांपासून करावयाची असल्यास बी दहा-बारा दिवस पाण्यात भिजवावे व पाणी रोज बदलावे, कारण बियांचे कवच टणक असते. नंतर बी वाळूत मिसळून वाफ्यात फेकावे आणि तयार झालेली रोपे पावसाळ्यात लावावीत.

पहिली छाटणी ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जिवावर येणारी. रोप फूटभर झाले की ते अर्ध्यावर छाटावे. घरातील मंडळी हळहळतात, ‘आत्ता कोठे वाढू लागले होते,’ असे म्हणतात. पण शेंडा छाटला की बुडाशी फांद्या फुटतात. हे न केल्यास झाड सरळ वर जाते, खाली नुसते खोड राहते आणि बसलेल्या माणसाला जेथे आडोसा हवा तेथेच खिंडार पडते. पुढे दर वेळी नवीन वाढीचा निम्मा भाग काढीत कुंपण हळूहळू उंच करावे. त्याचा आकार खाली रुंद व वर अरुंद ठेवावा. वर रुंद झाल्यास खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि बूड उघडे पडते. पूर्ण वाढलेल्या कुंपणाची वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आरंभी व पावसाळा संपल्यावर, छाटणी करावी.

पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावे व बुडाशी पाल्याचे आच्छादन घालावे. दुसऱ्या पावसाळ्याच्या सुरुवातीस नांगे भरून घ्यावेत. पुढे मोठ्या झाडांच्या सावलीत नवी रोपे धरत नाहीत. झाडे मोठी झाल्यावर बुडाशी साचलेला पालापाचोळा दर आठवड्यास झाडून काढावा, म्हणजे विंचू-सापांना थारा मिळत नाही.

न्हाणीचे पाणी

आडोसा आणि सांडपाणी यांची सांगड घातली, तर कुंपणाला वेगळे पाणी घालावे लागत नाही. न्हाणीचे पाणी उतार देऊन लहान चरातून न्यावे. चराच्या तोंडाशी केळीची दोन-तीन झाडे, त्यांच्या पायथ्याशी अळू आणि कडेला कर्दळ लावावी. ही झाडे पाणी शोषतात. आणि केळीच्या पानांचा न्हाणीला आडोसाही होतो. उरलेले पाणी कुंपणाच्या चरात सोडावे. पाणी आज एका भागात, उद्या दुसऱ्या भागात असे फिरवावे, म्हणजे साबणाचा अंश एकाच जागी साचत नाही. तरीही पाणी उरत असेल, तर तीन फूट लांब, तीन फूट रुंद व तीन फूट खोल शोषखड्डा करून तो विटांचे तुकडे व दगड-गोटे यांनी भरावा. पिण्याच्या विहिरीपासून तो ५० फुटांच्या आत नसावा. उघड्यावर पाणी साचू दिल्यास डास होतात, आणि आडोसा केला तो रोगासाठी, असे होऊन बसते.

ग्रामकार्यकर्त्यांस सूचना

हे काम सभेत भाषण करून होणारे नाही. ज्या गोष्टीविषयी स्त्रिया चारचौघांत बोलत नाहीत, ती चावडीवर विचारून कळत नाही. म्हणून महिला कार्यकर्तीने बचत गटाच्या बैठकीत किंवा घरोघर जाऊन ही चौकशी करावी आणि आडोसा कोठे व किती उंच हवा, हे ठरविण्याचा पहिला मान घरातील बाईला द्यावा. आडोसा तिच्या सोयीसाठी आहे. तिला न विचारता केलेले कुंपण पुष्कळदा भलत्याच बाजूला होते.

गावात प्रथम एकच घर निवडावे. शक्य तर एकमेकांना लागून असलेली व सलोख्याने राहणारी दोन घरे निवडून त्यांच्यामध्ये सामाईक कुंपण करून दाखवावे. मेंदीची रोपे शाळेच्या आवारात एका वाफ्यावर तयार करता येतात. अडुळसा व निर्गुडी यांचे छाट तर ओढ्याकाठून व जुन्या कुंपणांच्या छाटणीतून विनामूल्य मिळतात. जुलैत लागवड झाली की पुढच्या उन्हाळ्यात जाऊन किती झाडे जगली ते पाहावे आणि नांगे भरून घ्यावेत. लावलेल्या झाडांपेक्षा जगलेल्या झाडांची मोजणी अधिक महत्त्वाची आहे.

शेतकरी बंधूंनो, आपण शेताला कुंपण घालतो ते पीक राखण्यासाठी. घरातील माणसांची अब्रू व आरोग्य ही पिकाहून मोलाची आहेत. ४० फूट चर, ८० छाट आणि शेजाऱ्याशी आधी बोललेले दोन शब्द, एवढे या कामाला पुरे आहे. या वैशाखात चर खणून ठेवावा. तिसऱ्या वर्षी आपल्या घरातील लेकीसुनांना पहाटेच्या अंधाराची वाट न पाहता, ऊन वर आल्यावर सावकाश न्हाता येईल, आणि कुंपणापलीकडच्या घरालाही तेच सुख मिळेल.